रास्ताफारी म्हणजे ‘सरदार तफारी’: एका जुन्या पदवीची फोड

भाचा गोव्याहून टी-शर्ट घेऊन आला. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात असे ढिगाने टांगलेले असतात: हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे, मध्ये मुकुट घातलेला सिंह, त्याच्या पुढच्या पंजात झेंड्याची काठी आणि खाली इंग्रजीत ‘रास्ताफारी’. आमच्या आईने चष्मा वर करून विचारलं, “हा कुठल्या देवाचा सिंह रे?” भाचा म्हणाला, “देवाचा नाही गं आजी, बॉब मार्लीचा.”

रास्ताफारी हा जमैकातला एक पंथ. एका राजाला देव मानणारा, आणि गायक बॉब मार्ली त्याच पंथातला. म्हणून आजीचा प्रश्न नातवाच्या उत्तरापेक्षा बराच बरोबर होता. पण ते समजायला आधी खालच्या शब्दाची फोड करावी लागते, आणि ती बहुतेक जण चुकीच्या ठिकाणी करतात.

‘रास्ता’ नाही, ‘रास’

‘रास्ता-फारी’ अशी फोड केली की रस्ता आठवतो, भटकंती आठवते. या शब्दाचा रस्त्याशी काही संबंध नाही. राशीभविष्यातली रास, खळ्यावरची धान्याची रास आणि रासक्रीडा यांच्याशीही नाही. खरी फोड ‘रास तफारी’. यातलं ‘तफारी’ हे माणसाचं नाव आणि ‘रास’ ही त्याची पदवी. माणूस इथिओपियाचा.

‘रास’ म्हणजे डोकं. अगदी धडावरचं डोकं. हा शब्द गीझ भाषेतून आला. आपल्याकडे संस्कृतचं जे स्थान, ते इथिओपियात गीझचं: बोलत कोणी नाही, पण प्रार्थना, पोथ्या आणि जुने राजशिक्के तिच्यात. रोजच्या बोलण्यातल्या अम्हारिक भाषेतही ‘रास’ तसाच राहिला. अरबी आणि हिब्रू या गीझच्या बहिणीच. अरबीत डोक्याला ‘रास’ म्हणतात, हिब्रूत ‘रोश’. ज्यू लोकांचा ‘रोश हशाना’ म्हणजे शब्दशः ‘वर्षाचं डोकं’, नवं वर्ष. कोकणातले आपले बेने इस्रायली त्यालाच ‘नव्याचा सण’ म्हणत आले. आणि आपण मराठीत ज्याला ‘रईस’ म्हणतो तोही अरबीतल्या याच धातूवरून आलेला. रईस म्हणजे मुळात पुढारी, डोक्याच्या जागी असलेला. पैसेवाला हा अर्थ नंतर चिकटला.

डोक्यावरून पदवी बनवणं आपल्याला नवीन नाही. फारसीत ‘सर’ म्हणजे डोकं; त्यावरून सरदार, सरनौबत, कान्होजी आंग्र्यांचं सरखेल. त्यामुळे ‘रास तफारी’चं मराठी करायचंच झालं तर ‘सरदार तफारी’ हे मला सगळ्यात जवळचं वाटतं. इंग्रजी पुस्तकांत कुठे ‘प्रिन्स’ लिहितात, कुठे ‘ड्यूक’, आणि दोन्हींत थोडी फसगत आहे. राजपुत्र जन्माने होतो. रास ही पदवी सम्राट देत असे. ती बापाकडून मुलाकडे आपोआप जात नसे, आणि एका वेळी अनेक रास असत. रास कासा, रास इम्रू, रास सेयूम, रास गुग्सा ही सगळी तफारीच्याच काळातली माणसं. यातला रास गुग्सा तर तफारीच्या सैन्याशी लढताना 31 मार्च 1930 रोजी मारला गेला. म्हणजे एका रासविरुद्ध दुसरा रास, असली भाऊबंदकीही होतीच.

पदव्यांची शिडी

इथिओपियातल्या दरबारी पदव्या मूळच्या रणांगणातल्या. ‘फितौरारी’ म्हणजे आघाडीच्या तुकडीचा म्होरक्या. ‘ग्राझमाच’ डाव्या बाजूचा सेनानी, ‘केन्याझमाच’ उजव्या बाजूचा. ‘देजाझमाच’ यातला ‘देज’ म्हणजे दरवाजा. राजाच्या दारापुढची, मधली फौज सांभाळणारा तो. या सगळ्यांच्या वर रास. रासच्या वर ‘नेगुस’, म्हणजे राजा. आणि सर्वांच्या वर ‘नेगुसे नेगेस्त’, राजांचा राजा. आपलं राजाधिराज किंवा इराणचं शहेनशाह ज्या घडणीचं, त्याच घडणीचं हे नाव. इथिओपियात ते नुसतं फुगवून लावलेलं बिरुद नव्हतं. गोजाम, शोआ अशा प्रांतांना खरोखरच आपापले राजे असत आणि सम्राट त्या राजांचा राजा.

तफारी ही शिडी पायरी पायरीने चढला. जन्म 23 जुलै 1892चा, हरार प्रांतातल्या एजेर्सा गोरो गावातला. वडील रास मकोनेन हे हरारचे सुभेदार आणि सम्राट दुसरा मेनेलिक याचे आते-मामे भाऊ. 1 मार्च 1896 रोजी अडोवाच्या लढाईत इथिओपियाने इटलीच्या फौजेचा धुव्वा उडवला, तेव्हा मकोनेन सेनानींमध्ये होते. आफ्रिकेत युरोपीय सत्ता चहूकडे पसरत असताना हा एक देश गुलाम झाला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे जमैकात तिलाच महत्त्व येणार आहे.

लहानपणी तफारीला ‘लिज’ म्हणत. लिज म्हणजे मूल, पण ते फक्त बड्या घरचं. आपल्याकडे इनामदाराच्या पोराला ‘बाळासाहेब’ म्हणायचे तसं. तेराव्या-चौदाव्या वर्षी तो देजाझमाच झाला. 1916 मध्ये दरबाऱ्यांनी मेनेलिकचा नातू इयासू याला गादीवरून काढलं, मेनेलिकची मुलगी झौदितू सम्राज्ञी झाली आणि तफारीला रास ही पदवी, वारसाहक्क आणि कारभारीपण एकदमच मिळालं. 1928 मध्ये तो नेगुस झाला. एप्रिल 1930 मध्ये झौदितू वारली आणि 2 नोव्हेंबर 1930 रोजी अदिस अबाबातल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये तफारी नेगुसे नेगेस्त झाला. त्या दिवशी त्याने नावही बदललं: हैले सेलासी, पहिला.

म्हणजे जगाच्या पाठीवर कोट्यवधी टी-शर्टांवर छापलेली ‘रास’ ही त्या माणसाची शेवटची पदवी नव्हे. ती त्याने दोन पायऱ्या आधीच मागे टाकली होती.

तफारी, सेलासी आणि आडनावाचा घोळ

‘तफारी’चा अर्थ ज्याचा दरारा वाटतो, ज्याला लोक वचकून असतात, तो. ‘हैले सेलासी’ हे नाव नवं शोधलेलं नव्हतं. ते त्याचं बाप्तिस्म्याचं नाव होतं. ‘हैल’ म्हणजे शक्ती आणि ‘सेलासी’ म्हणजे त्रैक्य. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, ही ख्रिस्ती कल्पना. एकूण अर्थ, त्रैक्याची शक्ती.

इथेच वर्तमानपत्रं घोळ घालतात. ‘सेलासी म्हणाले’, ‘सेलासी यांनी’ असं लिहितात, जणू ते आडनाव आहे. रामदासांना ‘श्री. दास’ म्हटल्यासारखंच झालं. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव आणि पुढे वडिलांचं, एवढंच. तफारी मकोनेन म्हणजे मकोनेनचा तफारी. ऑलिंपिकमध्ये 1996 आणि 2000 साली दहा हजार मीटरचं सुवर्णपदक जिंकणारा धावपटू हैले गेब्रेसेलासी आठवतो का? त्याचं नाव हैले, वडिलांचं गेब्रेसेलासी. ‘गेब्रे’ म्हणजे सेवक, म्हणून गेब्रेसेलासी म्हणजे त्रैक्याचा दास. आपल्या शिवदास, हरिदासाच्या पंगतीतलं नाव.

जाता जाता एक गंमत. तिथल्या सरदारांना त्यांच्या घोड्याच्या नावानेही ओळखत. तफारी ‘अब्बा तेकेल’ होता, मेनेलिक ‘अब्बा दान्यू’. घोड्यावरून धन्याची ओळख सांगायची ही रीत भीमथडीच्या मुलखात वाढलेल्या कोणालाही आवडेल.

सिंह कोणाचा?

आता आजीच्या प्रश्नाकडे. हैले सेलासीच्या नावाआधी इंग्रजी कागदांत ‘यहूदा वंशाचा विजयी सिंह’ असं छापत. वाचणाऱ्याला वाटतं, हा राजाचाच किताब. मूळ गीझ ओळ अशी: ‘मोआ अंबेसा झेइम्नेगेदे यिहुदा’. तिचा अर्थ ‘यहूदा वंशाचा सिंह जिंकला आहे’. हे पूर्ण वाक्य आहे, क्रियापदासकट. आणि त्यातला सिंह राजा नव्हे, येशू ख्रिस्त आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात ते वाक्य येतं.

इथिओपियाचे राजे ते शिक्क्यावर आणि पत्राच्या माथ्यावर घालत. आपण पत्राच्या डोक्यावर ‘श्री गजानन प्रसन्न’ लिहितो आणि मग खाली मजकूर. उद्या एखाद्या परदेशी माणसाने ते पत्र वाचून ‘लिहिणाऱ्याचं नाव श्री गजानन प्रसन्न जोशी’ असं ठरवलं तर? जवळजवळ तसंच घडलं. देवाच्या विजयाची ओळ खालच्या राजाच्या नावाला जोडली गेली, आणि पुढे पुढे दरबारानेही ती तशीच वापरू दिली. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वात मोठा सांधा हाच. ख्रिस्ताचं वर्णन एकदा राजाच्या नावापुढे येऊन बसलं की राजा म्हणजेच परत आलेला ख्रिस्त, असं वाचायला फार कष्ट पडत नाहीत. त्यात ‘राजांचा राजा’ हेही आलंच. प्रकटीकरणाच्या एकोणिसाव्या अध्यायात तेच शब्द ख्रिस्तासाठी आहेत.

ही यहूदाची वंशावळ खरी का?

इथिओपियाच्या राजघराण्याचा दावा असा: शबाची राणी मकेदा यरुशलेमला यहूदा वंशातल्या शलमोन राजाकडे गेली, तिला त्याच्यापासून मुलगा झाला, तोच पहिला मेनेलिक. ही कथा चौदाव्या शतकातल्या ‘केब्रा नेगेस्त’ म्हणजे ‘राजांचा गौरव’ या ग्रंथात सविस्तर आहे. 1270 मध्ये येकुनो अमलाकने गादी घेतली तेव्हा त्याने आपण याच वंशाचे असं सांगितलं. 1955च्या राज्यघटनेत तर हा वंश चक्क कलम म्हणून घातलेला आहे.

इतिहासाच्या कसोटीला ही साखळी उतरत नाही. शलमोन आणि येकुनो अमलाक यांच्यामध्ये दोन हजार वर्षांहून मोठं अंतर आहे. पण सूर्यवंशी-चंद्रवंशी घराण्यांच्या देशात राहणाऱ्यांनी यावर फार हसू नये. गादीला जुना, पवित्र आधार लागतो, तो असा मिळवला जातो. हैले सेलासीचा स्वतःचा धागा आजीकडून येतो: वडिलांची आई तेनाग्नेवर्क ही शोआचा राजा साहले सेलासी याची मुलगी.

जमैकाला काय पडलं होतं?

जमैका म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं बेट, 1930 मध्ये इंग्रजांच्या ताब्यातलं. तिथली बहुसंख्य माणसं आफ्रिकेतून उसाच्या मळ्यांवर गुलाम म्हणून आणलेल्यांची नातवंडं-पतवंडं. गुलामी कायद्याने संपून शंभर वर्षं होत आली होती. जमीन, पैसा आणि कचेरी मात्र गोऱ्यांकडेच. घरोघरी एकच पुस्तक, बायबल, आणि त्यात इथिओपियाचा उल्लेख. ‘कूश देवापुढे आपले हात पसरील’ अशा अर्थाची स्तोत्रसंहितेतली 68व्या स्तोत्राची ओळ इंग्रजी बायबलात ‘इथिओपिया’ असं नाव घेऊन येते. काळ्या माणसाला त्या पवित्र पुस्तकात आपली जागा दिसली ती त्या नावात.

जमैकाचाच मार्कस गार्वी 1914 पासून काळ्या लोकांची संघटना बांधत होता. त्याचा सूर असा की गोऱ्यांचा देव गोऱ्या चष्म्यातून दिसत असेल, तर आपण आपला देव इथिओपियाच्या चष्म्यातून पाहू. ‘आफ्रिकेकडे पाहा, तिथे काळा राजा मुकुट घालेल’ असं भाकीत त्याच्या तोंडी घातलं जातं, पण त्याने ते नेमकं कुठे म्हटलं याचा पक्का पुरावा नाही.

आणि मग नोव्हेंबर 1930चा राज्याभिषेक. फोटो जगभर गेले. इंग्लंडच्या राजाचा मुलगा, ग्लॉस्टरचा ड्यूक, समारंभाला अदिस अबाबाला आलेला. किंग्स्टनच्या झोपडीत बसून तो फोटो पाहणाऱ्याला काय वाटलं असेल? ज्या राजाच्या नावाने आपल्यावर राज्य चालतं, त्याचा मुलगा एका काळ्या सम्राटाच्या दरबारात पाहुणा म्हणून उभा आहे.

1933 पासून लेनर्ड हॉवेल नावाचा माणूस सभा घेऊन सांगू लागला की हाच परतलेला ख्रिस्त, आपली निष्ठा इंग्लंडच्या राजाशी नाही, याच्याशी. सम्राटाचा फोटो तो एका शिलिंगला विकत असे. 1934 मध्ये सरकारने राजद्रोहाचा खटला भरला आणि त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली.

मग नाव जुनंच का राहिलं?

1930 नंतर तो हैले सेलासी होता, तर पंथाचं नाव ‘सेलासीपंथी’ का झालं नाही?

गावातले मास्तर पुढे हेडमास्तर होतात, मग शिक्षणाधिकारीही होतात. गाव त्यांना मास्तरच म्हणत राहतं. 1916 ते 1928 अशी बारा वर्षं हा माणूस जगाच्या बातम्यांत ‘रास तफारी’ या नावाने होता. 1923 मध्ये देशाला राष्ट्रसंघाचं सभासदत्व मिळवून देणारा तो रास तफारी, 1924 मध्ये युरोपच्या राजधान्या फिरून आलेला तोही रास तफारी. लोकांच्या तोंडात तेच बसलं. जमैकातले लोक या नव्या भाविकांना ‘रास तफारीवाले’ म्हणू लागले, पुढे दोन शब्दांचा एक झाला आणि मग तो तुटला तोही चुकीच्या जागी. ‘रास्ता’ हा तुकडा अम्हारिक भाषेत निरर्थक आहे.

पंथातले काही जण ‘रास तफारी’चा अर्थ ‘आद्य निर्माता’ असा लावतात. अम्हारिकमध्ये निर्मात्याला ‘फेतारी’ म्हणतात. उच्चार जवळचा, शब्द वेगळा. भक्ती अशी व्युत्पत्ती नेहमीच करते. आपल्या कीर्तनातही ती पावलोपावली भेटते.

याहून सुंदर उदाहरण आकड्याचं. ‘हैले सेलासी पहिला’ यातला ‘पहिला’ इंग्रजीत रोमन आकड्याने लिहितात, एक उभी रेघ. इंग्रजीतलं ‘मी’ हे अक्षरही तीच उभी रेघ, उच्चार ‘आय’. रास्ता मंडळींनी तो आकडा ‘आय’ असाच वाचला: सेलासी-आय. राजाच्या नावातच ‘मी’ आहे, देव माझ्यात आहे. त्यांच्या बोलण्यात ‘आम्ही’ ऐवजी ‘आय अँड आय’ येतं, मी आणि मी, त्याचं नातं इथे. ज्यांना शतकानुशतकं कोणी ‘मी’ म्हणू दिलं नाही, त्यांनी राजाच्या शिक्क्यावरून तो शब्द उचलला.

राजाला हे मान्य होतं?

नाही. तो इथिओपियाच्या सनातन ख्रिस्ती चर्चचा श्रद्धाळू सभासद होता, आणि आपण मर्त्य माणूस आहोत असं त्याने मुलाखतीत सांगितलं होतं. तरी 21 एप्रिल 1966 रोजी तो जमैकाला उतरला तेव्हा विमानतळावर लाखभर लोक लोटले, ढोल वाजवत, विमानाच्या अगदी पंखाखाली. गर्दी पाहून सम्राट बाहेरच येईना. शेवटी मॉर्टिमर प्लॅनो या रास्ता पुढाऱ्याने वर जाऊन त्याला खाली आणलं. तो दिवस पंथाचा सण आहे. ‘मी देव नाही’ हे वाक्य भक्तांनी कसं घेतलं? खरा देव असंच म्हणणार, असं. यावर पुढे वाद घालता येत नाही.

12 सप्टेंबर 1974 रोजी लष्कराने त्याला पदच्युत केलं आणि राजवाड्यातून नेलं ते एका छोट्या फोक्सवॅगन बीटलमध्ये बसवून. 27 ऑगस्ट 1975 रोजी तो कैदेत वारला. अस्थी 1992 मध्ये राजवाड्याच्या आवारात फरशीखाली सापडल्या आणि अंत्यविधी झाला थेट नोव्हेंबर 2000 मध्ये. इथिओपियात त्याच्या राज्यातले दुष्काळ आणि सरंजामी जमीनदारी विसरलेली माणसं कमी आहेत. तिथे तो देव नाही. गार्वीनेही 1936 मध्ये इटलीच्या हल्ल्यानंतर देश सोडून गेल्याबद्दल त्याच्यावर कडक टीका केली होती. पंथातल्या अनेकांनी मात्र तो मेला हेच मानलं नाही.

जटा आणि गांजा आपलेच ना?

रास्ता मंडळी जटा वाढवतात आणि गांजा ओढतात, म्हणून हा प्रश्न येतोच. उत्तर, अर्धं हो. 1845 पासून उत्तर भारतातले मजूर करारावर जमैकात गेले, आणि गांजा हा शब्द तिथे आजही ‘गांजा’च आहे. हॉवेल स्वतः ‘गांगुंगुरू मराघ’ असं टोपणनाव लावत असे. त्यातलं ‘मराघ’ म्हणजे आपलं ‘महाराज’. जटांचं श्रेय मात्र साधूंना एकट्याला देता येत नाही. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात डोक्याला वस्तरा न लावण्याचं व्रत आहे, ते भाविक पुढे करतात; केनियात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या जटाधारी माऊ माऊ बंडखोरांचे फोटोही कारण म्हणून सांगितले जातात.

महाराष्ट्राचा खरा धागा वेगळाच आहे. ‘हबशी’ हा आपला शब्द ‘हबेशा’वरून, म्हणजे इथिओपियाच्या लोकांच्या नावावरून आला. 1610 मध्ये खडकी (पुण्याची नव्हे, पुढे औरंगाबाद झालेली) वसवणारा मलिक अंबर त्याच देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला. समुद्र ओलांडून विकल्या गेलेल्यांपैकी एक इथे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला.

राहिला बॉब मार्ली. मरणाच्या काही महिने आधी, नोव्हेंबर 1980 मध्ये, त्याने बाप्तिस्मा घेतला तो इथिओपियाच्या त्याच सनातन चर्चमध्ये. नवं नाव मिळालं बर्हाने सेलासी, त्रैक्याचा प्रकाश.

एवढं सगळं आईला सांगायला गेलो तर तिने मध्येच थांबवलं. “म्हणजे सिंह येशूचा.” म्हटलं, हो, मुळात येशूचा. “मग सांग त्याला,” ती टी-शर्टाची घडी घालत म्हणाली, “जुना झाला की पायपुसणं करू नकोस म्हणावं.”